उरलेल्या तीन गोळ्या

(थळ. मुंबईच्या दवाखान्यातून लाँचने परत आल्यावरची दुपार. घराच्या ओट्यावर तिघं : हिरामण तांडेल, त्याची बायको मैना, मुलगी क्रांती.)

मैना : मना फकस्त येवढं सांगा, तुमी पिता का न्हाय?

हिरामण : लाँचवर सात येळा इचारलंस. मांडव्याला उतरल्यावर दोन येळा. रिक्षात तो रिक्षावाला कान देऊन ऐकत व्हता, तवाबी इचारलंस. दरवेळी उत्तर वेगळं येईल असं वाटतंय का तुला?

मैना : खोटं असंल तर येईलच वेगळं. खोटं बोलणाऱ्याला आठवायला लागतंय.

क्रांती : आई, थांब जरा. बाबा, तू पाय वर घेऊन नीट बस. दमलायस. मी एकेक विचारते, तू एकेक सांग.

हिरामण : इचार, मास्तरीणबाय. किहीमच्या शाळेतनं छडी आणलीस का?

क्रांती : चेष्टा नको. डॉक्टर मॅडम काय म्हणाल्या ते तू ऐकलंस ना? गोळी लागू पडतेय. किडनीतली गाठ लहान व्हायला लागलीय. पण रक्तात लिव्हरचा आकडा पाचपट आलाय. पहिल्या महिन्यात चांगला होता, दुसऱ्या महिन्यात थोडा वाढला, आता पाचपट. म्हणून गोळी पंधरा दिवस बंद. पंधरा दिवसांनी परत रक्त तपासायचं. आकडा उतरला आणि कशामुळे चढला होता ते कळलं, तर गोळी परत सुरू. नाही कळलं तर ही गोळी त्या परत देणार नाहीत. दुसरं औषध आहे, पण ते तुला लागू पडेल का हे त्यांनाच सांगता येत नाही. म्हणून त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. दारू घेता का, कुणाचा काढा घेता का, दुसरी कसली गोळी घेता का. तू तिन्ही वेळा नाही म्हणालास.

हिरामण : नि तू तिन्ही येळा माज्याकडं बघितलंस. फौजदार चोराकडं बघतो तशी.

क्रांती : कारण काहीतरी चाललंय, बाबा. माझं मन सांगतंय.

मैना : मन कशाला, माझे डोळे सांगतात. बोलू का मी आता?

हिरामण : तू कवा गप्प व्हतीस?

मैना : ऐक गो क्रांती. ह्या पुनवेला मी बाजारातनं लवकर आले. भर दुपारचे बारा. उन्हानं धक्का तापलेला, कुत्रं फिरकत नव्हतं तिथं. नि शेजारची केसर मना सांगते, वैनी, भावजी धक्क्याच्या टोकाला पाठ करून उभे व्हते. खिशातनं कायतरी काढलं, तोंडात टाकलं, वरनं बाटली लावली. मी बोलले, पाणी पीत असतील. तिनं मान हालवली, पण तोंडावर हसू. दुसऱ्याचा नवरा पितो म्हटल्यावर बायकांना जे हसू येतंय ते.

हिरामण : केसरचा सवताचा नवरा काय गंगाजल पितो?

मैना : त्यानंतर आठ दिसांनी, दिवेलागणीला. मी बोंबील गोळा करत व्हते. हे उठले, चपला न्हाय घातल्या, मागल्या दारानं बंदराकडं गेले. परत आले ते तोंड पुशीत. नि गेल्या आठवड्यात मध्यरातीला उठून आंगणात. मी डोळे मिटून जागी व्हते. बाटलीचं झाकण फिरलं त्याचा आवाज आला. मेलं मन, झोप कुठनं लागायची? सकाळी तोंडाचा वास घेतला.

हिरामण : तू माझ्या तोंडाचा वास घेतलास?

मैना : घेतला. झोपला व्हता तवा.

हिरामण : आला वास?

मैना : न्हाय आला. म्हणून तर जास्त भ्याले. ज्याला वास न्हाय ते काय पिता तुमी?

क्रांती : बाबा, शिमग्यापासून सोडलीय म्हणालास. खरं?

हिरामण : शिमग्यापासून न्हाय. शिमग्याच्या आदी चार दिस, होडी घेऊन खांदेरी बेटावर गेलो नि वेताळापुढं सोडली. निकेश संगती व्हता. वेताळापुढं बोललेलं मी मोडलं असतं तर ह्या तुज्या आयशीची गरज नव्हती, त्यानंच बघितलं असतं माज्याकडं.

मैना : निकेश तुमचाच पुतण्या. तो काय सांगंल ते म्हाईत हाय. मी इचारलं त्याला.

हिरामण : निकेशला इचारलंस?

मैना : इचारलं. नाक्यावरच्या दुकानदाराला इचारलं. ताडीवाल्यालाबी इचारलं.

हिरामण : काय इचारलंस? कसं इचारलंस?

मैना : जसं इचारायचं तसं. आमच्या तांडेलाला कॅन्सर हाय, त्याला देऊ नका, दिली असंल तर सांगा.

हिरामण : ऐकलंस, पोरी? चार महिने मी लोकांना सांगतोय, पाठीत लचक भरली म्हणून बोटीवर जात न्हाय. नि ही बाय दुकानादुकानात जाऊन बोभाटा करून आली.

मैना : लचक म्हणे. कोळीवाड्यात लचकेनं कोण मुंबईला जातंय दर महिन्याला?

क्रांती : आई, तू मला न विचारता हे करायला नको होतंस. पण ते राहू दे आता. बाबा, दुसरा प्रश्न. आवडाआत्यानं बोर्लीहून बाटली पाठवली होती. कुणा वैदूचा काढा. ती कुठाय?

मैना : रिकामी हाय. मी बघितली. फडताळामागं दडवलेली.

हिरामण : दडवली न्हाय, ठेवली. भैन येवढ्या मायेनं पाठवते, फेकून दिली असं कसं सांगू तिला? बाटली धुवून परत द्यायची म्हणून ठेवली.

क्रांती : आणि आतलं?

हिरामण : मागल्या माडाच्या बुंध्यात ओतलं. दोन महिने झालं. माड अजून उभा हाय, म्हणजे इख तरी नव्हतं त्यात.

क्रांती : माडाची शपथ घेशील?

हिरामण : माडाची कशाला? तुजी घेतो. झालं?

क्रांती : नको, माझी नको. बरं. आता शेवटचं. बाबा, तीन डबे आणले आपण. एका डब्यात तीस गोळ्या. पहिली गोळी घेतलीस त्याला आज नव्वद दिवस. रोज एक. म्हणजे आज डबा रिकामा हवा. मी मघाशी मॅडमच्या समोर डबा उघडला तर त्यात तीन गोळ्या. मी काही बोलले नाही तिथे. झाकण लावलं.

मैना : तीन? मना न्हाय सांगितलंस?

क्रांती : लाँचवर सांगितलं असतं तर तू समुद्रात उडी घेतली असतीस. नाहीतर ह्याला ढकललं असतंस.

मैना : ढकललंच असतं.

क्रांती : बाबा, तीन दिवस गोळी घेतली नाहीस. का?

हिरामण : एकबी चुकली न्हाय.

क्रांती : मग उरल्या कशा?

हिरामण : ते मना म्हाईत न्हाय. कंपनीनं जास्त भरल्या असतील. पण एकबी चुकली न्हाय, पोरी. ताप व्हता तवाबी घेतली. जुलाब लागलं तवाबी घेतली. तोंडाला चव नव्हती, पापलेट खाल्लं तर पुठ्ठा चावल्यासारखं लागायचं, तवाबी घेतली.

क्रांती : जुलाब कधी लागले? हे तू मॅडमना सांगितलं नाहीस.

हिरामण : न्हाय सांगितलं.

क्रांती : अजून काय काय नाही सांगितलंस?

मैना : हात दाखवा.

हिरामण : कशाला?

मैना : दाखवा म्हणते. आठ दिस झालं, हात पाठीमागं घेऊन फिरतायत, जेवताना हात लुंगीला पुशीत बसतात. दाखवा पोरीला.

क्रांती : अगं आई गं. बाबा, हे काय? सगळी कातडी निघालीय. तळवेपण असेच आहेत?

हिरामण : पाय जास्त. म्हणून तर चपला घालवत न्हाय.

मैना : बघितलंस? हे दोर ओढल्याशिवाय व्हतंय का? मी तुला लाँचवर तेच बोलत व्हते. हे चोरून निकेशच्या बोटीवर जातात. जाळं ओढतात.

हिरामण : चाळीस वर्सं जाळं ओढलं, हात असं झालं व्हतं का कवा? दोरानं हाताला घट्टं पडतात, साल निघत न्हाय. येवढंबी कळंना का तुला, कोळ्याची बायको तू?

क्रांती : आई, हे दोरानं नाही. ह्या गोळीनं होतं असं. पहिल्या दिवशीच मॅडमनी सांगितलं होतं, हाताला-पायाला झालं तर लगेच फोन करा. बाबा, का लपवलंस?

हिरामण : सांगितलं असतं तर गोळी बंद केली असती.

क्रांती : बंद नाही, थोडी कमी केली असती. परत वाढवली असती.

हिरामण : मना काय म्हाईत? मना तुमी सांगता कुठं काय? आजचं सोड, एरवी मॅडम माज्याशी दोन शब्द बोलते, काका कसे आहात, जीभ दाखवा, बाहेर बसा. मी बाहेर. तुमी दोघी आत. अर्धा तास. बाहेर आलात की हिच्या डोळ्याला पदर नि तुज्या तोंडावर ते शाळेतलं हसू, पोरं नापास झाल्यावर आयबापांना दाखवतेस ते. मी काय आंधळा हाय?

क्रांती : बाबा...

हिरामण : न्हाय, आज तुमी इचारता, मीबी इचारतो. बोर्लीच्या रतनची किडनी काढली. एक काढली, दुसरीवर चाललंय, स्कूटर चालवतो, पोरीच्या लग्नात नाचला. माजी काढली न्हाय. गाठ आत, किडनी आत, नि गोळ्या देतायत. कुजलेली मासळी टोपलीत ठेवून वरनं मीठ मारायचं, असं कोण करतंय? एकतर मना खोटं सांगतायत, न्हायतर नवं औषध माज्यावर लावून बघतायत. मी मनात बोललो, हिरामण, गोळी तर घे, पण कुणाचंच खरं मानू नको.

मैना : म्हणजे आमचंबी न्हाय?

हिरामण : तू माज्या तोंडाचा वास घेतेस, तुझं काय मानू?

क्रांती : बाबा, मी तुला सगळं सांगते. किडनीचं पण. शब्द देते. पण आधी मला हे गोळ्यांचं समजू दे, कारण मला पंधरा दिवसांत शोधायचंय. नीट सांग. गोळी तू कशी घेत होतास? कुठे, कधी? मी कपाटाला कागद चिकटवलाय, सकाळी सहा, उपाशीपोटी.

हिरामण : तो कागद वाचलाय मी. चौथीपर्यंत शिकलोय. पयली गोळी तशीच घेतली, सकाळी सहाला. अष्टमी व्हती. बंदरावर जाऊन घेतली. पाणी भरलेलं, पार धक्क्याला लागलेलं.

क्रांती : आणि दुसरी?

हिरामण : दुसऱ्या दिवशी. त्याच टायमाला.

मैना : खोटं. दुसऱ्या दिवशी मी दारात कोलंबी निवडत व्हते, सहा कवाच वाजून गेले व्हते. मी बोलले गोळी घेतली का, तुमी बोललात घ्यायची हाय अजून.

हिरामण : त्याच टायमाला. पाणी भरलं तवा.

क्रांती : एक मिनिट. पाणी भरलं तवा म्हणजे?

हिरामण : म्हणजे काय? भरती आली तवा. मॅडम बोलली ना, रोज एकच टाइम ठेवा, टाइम चुकवू नका. मी एकच ठेवला. पाणी भरलं की गोळी. एक दिस इकडचा तिकडं न्हाय केला.

क्रांती : बाबा, एकच टाइम म्हणजे घड्याळातला.

हिरामण : घड्याळातला एक कसा? अष्टमीला सहाला पाणी भरलेलं असतं. पुनवेला त्याच सहाला सुकलेलं असतं, चिखल वर, होड्या आडव्या पडलेल्या. भरलेलं पाणी नि सुकलेलं पाणी हा एकच टाइम? तो काटा फिरतो नि फिरतो, त्याला काय कळतंय? चाळीस वर्सं मी पाण्यावर उठलो, पाण्यावर जेवलो, पाण्यावर निजलो. बोट काढायची ती पाण्यावर. घरात घड्याळ हाय ते हिच्या बाजाराच्या गाडीसाठी.

क्रांती : आई, ते भिंतीवरचं कॅलेंडर दे.

मैना : कशाला?

क्रांती : दे तर. बाबा, पाणी रोज किती पुढे जातं?

हिरामण : हे इचारायची येळ आली तांडेलाच्या पोरीला. रोज पाऊण तास, थोडं वर. आज सहाला, उद्या पावणेसातला. पुनवेला नि आवशेला बाराच्या आसपास. मग तेच पाणी पुढल्या अष्टमीला सांजच्या सहाला. मग रातीला बारा. नि फिरून परत सकाळी सहाला.

क्रांती : म्हणजे पुनवेला दुपारी बाराला धक्क्यावर.

हिरामण : व्हय. केसरनं बघितलं ते. गोळी नि पाण्याची बाटली.

क्रांती : आठ दिवसांनी दिवेलागणीला. आणि गेल्या आठवड्यात रात्री अंगणात.

हिरामण : रातीला बंदरावर जात न्हाय, पायात काटे टोचल्यासारखं व्हतं. आंगणातनं पाण्याचा आवाज येतो, तेवढं बास.

मैना : थांब. मग दवाखान्याच्या दिवशी? दर येळी दवाखान्याच्या दिवशी माज्यासमोर सहा-साडेसहाला घेतात, अगदी साधूसारखं. आजबी घेतली.

क्रांती : महिन्यानं पाणी फिरून परत सकाळी सहाला येतं, आई. आपण पण महिन्यानं जातो. आज बघ, अष्टमी. त्या एकाच दिवशी ह्याचं पाणी आणि आपलं घड्याळ जुळत होतं. म्हणून आपल्याला कधी कळलं नाही.

मैना : अगो बाय.

क्रांती : आणि त्या तीन गोळ्या. रोज पाऊण-एक तास पुढे, पुढे. महिन्याभरात एक अख्खा दिवस मागे पडतो. महिन्याला एक गोळी उरते. तीन महिन्यांत तीन. बाबा, तू खरंच एकही चुकवली नाहीस.

हिरामण : मग मी काय बोलत व्हतो मघापासनं?

मैना : मग लिव्हर कशानं बिघडलं? पाण्यानं?

क्रांती : बाबा, पुनवेच्या सुमाराला बाराला गोळी घेतलीस. जेवलास किती वाजता?

हिरामण : धक्क्यावरनं आलो की हिचं ताट तयार. गरम हाय तवर जेवा म्हणते. लगेच जेवलो.

क्रांती : आणि संध्याकाळच्या पाण्याला?

हिरामण : कवा जेवून घेतली, कवा घेऊन जेवलो. रातीचं लवकरच जेवतो आपण.

मैना : मीच सांगायचे, त्या औषधांनी अंगात काय राह्यलं न्हाय, जरा सरंगा तळलाय, तेल सुटलंय, खा.

क्रांती : म्हणूनच उपाशीपोटी लिहिलं होतं. आधी दोन तास काही खायचं नाही, नंतर एक तास खायचं नाही. पोटात अन्न असलं, त्यातून तळलेलं, की ही गोळी अंगात जास्त उतरते. गोळी एकच, पण लागते दीडपट. महिन्यातले निम्मे दिवस तुझ्या अंगात दीडपट गोळी जात होती. हात, पाय, जुलाब, लिव्हर, सगळ्याचं हेच कारण असेल. मी डॉक्टर नाही, मी खात्रीनं सांगू शकत नाही. पण हे मॅडमना सांगायलाच हवं. आजच फोन करते.

हिरामण : उपाशीपोटीचं ते... मना वाटलं, पोटाला जड जातंय म्हणून लिव्हलंय. माजं पोट कसंबी घट्ट, मी बोललो, चालतंय.

मैना : चालतंय. चालतंय म्हणे. नि मी मेली तुमच्या तोंडाचा वास घेत बसले. कुणाकुणाच्या दारात जाऊन तमाशा केला. माज्या हातानं तळून वाढलं नि माज्याच हातानं...

हिरामण : गप. तू काय इख वाढलंस? जेवण वाढलंस.

क्रांती : पण बाबा, एक सांग. इतकं नेमानं, रात्री उठून, भर उन्हात जाऊन. नुसता टाइम पाळायला?

हिरामण : ऱ्हाऊ दे ते.

क्रांती : सांग ना.

हिरामण : हसू नका दोघी. आमचा आजा बोलायचा, कोळी भरतीला मरत न्हाय. सुकती लागली की पाण्यासंगं जातो. आजा सुकतीला गेला. बापूस सुकतीला गेला, मी धक्क्यावर बघत व्हतो पाणी उतरताना. म्हणून मी बोललो, गोळी भरत्या पाण्यावर घ्यायची. भरतं पाणी तिला आत घेऊन जाईल, सगळीकडं पोचवील. सुकतीवर घेतली तर व्हावून जाईल. आता बोट निकेश चालवतो, तोच तांडेल. माज्याकडं दुसरं काय काम हाय? तेवढं एक पाण्याचं काम उरलं व्हतं, ते मी नीट करत व्हतो.

मैना : माज्याशी बोलायचं तरी व्हतं.

हिरामण : तू बोलली असतीस, खुळा झालाय.

मैना : बोलले असते. पण तिथंच कळलं असतं.

हिरामण : आता माझं झालं. सगळं बोललो. आता तुज्या शब्दाचं काय, क्रांती? किडनी का काढली न्हाय?

क्रांती : आई, तू आत जातेस का?

मैना : न्हाय. मी हितंच बसते. मी आत जाऊन रडायची नि हे बाहेर बसून वळखायचे, ते आता बास झालं.

क्रांती : बाबा, गाठ किडनीत सुरू झाली. पण आपण गेलो तेव्हा ती किडनीपुरती राहिली नव्हती. फुप्फुसात पोचलीय. एक नाही, पाच-सहा ठिकाणी. एक पाठीच्या हाडात. रतनकाकांची किडनीतच होती, म्हणून काढली आणि ते मोकळे झाले. तुझी आधी काढली असती तरी फुप्फुसातली तशीच राहिली असती, आणि जखम भरेपर्यंत औषध सुरू करता आलं नसतं. म्हणून आधी गोळी. गोळी रक्तातून सगळीकडे जाते, त्या गाठींना होणारा रक्ताचा पुरवठा तोडते. तुझ्यावर नवं काही लावून बघत नाहीयेत, ही बऱ्याच लोकांना दिलेली गोळी आहे. पुढे सगळं आवरलं तर किडनी काढायचा विचार करू, असं मॅडम म्हणाल्या. करूच असं नाही म्हणाल्या.

हिरामण : फुप्फुसात. म्हणून तो खोकला.

क्रांती : हो.

हिरामण : नि गोळीनं जाईल सगळं?

क्रांती : नाही, बाबा. जाणार नाही. थांबून राहील. लहान होईल. काही लोक वर्षानुवर्षं असे काढतात, काहींना तितकं मिळत नाही. मी आकडा विचारला होता. मॅडम म्हणाल्या, मी आकडा सांगत नाही, कारण माझा आकडा खूपदा चुकलाय. गोळी लागू पडतेय तोवर गोळी, ती थकली की दुसरं. तुला हे आधी सांगायला हवं होतं. मीच म्हटलं, नको. मला भीती वाटली की तू गोळी घ्यायचं सोडशील. सॉरी, बाबा.

हिरामण : तुला वाटलं मी गोळी सोडंन. मना वाटलं तुमी गोळी बंद कराल. तिला वाटलं मी पितोय. बरं घर हाय आपलं.

मैना : काय बोलायचं ते माज्याकडं बघून बोला.

हिरामण : काय बोलू? तीच एक गोळी लागू पडत व्हती, मैना, नि मीच तिची वाट लावली. कुणी न्हाय केलं. डॉक्टरणीनं न्हाय, आवडाच्या काढ्यानं न्हाय. चांगली चाललेली बोट मीच खडकावर घातली. पंधरा दिस बंद. पंधरा दिस ते आत काय करंल, फुप्फुसात?

क्रांती : पंधरा दिवसांनी एवढं बिघडत नाही, बाबा. मी तेच पहिलं विचारलं त्यांना.

हिरामण : खरं सांगतेस? का शाळेतलं हसू हसतेस?

क्रांती : हसतेय का मी? बघ माझ्याकडे.

हिरामण : न्हाय. न्हाय हसत.

क्रांती : मी आत्ता फोन लावते. हे सगळं सांगते त्यांच्या नर्सला, भरतीचं पण. त्या हसल्या तर हसू देत.

हिरामण : भरतीचं मी सांगंन. माजी चूक हाय, मी बोलंन. तू नंबर लावून दे नि डबा माज्या हातात दे. तीन उरल्यात तेबी सांगतो. हात झालेत तेबी. पाठीच्या हाडाचंबी इचारीन, तिथं रातीचं ठणकतं, ते मी तुमाला सांगितलं न्हाय.

मैना : अजून किती हाय तुमच्या पोटात दडलेलं?

हिरामण : येवढंच व्हतं. आता पोट रिकामं.

मैना : मग फोन करा नि पयलं जेवा. सकाळपासनं त्या दवाखान्याच्या चहावर हाय तुमी.

हिरामण : वाढ. आज कवाबी जेवलो तरी चालतंय, न्हाय का? गोळीच न्हाय.

मैना : पंधरा दिस. वर एक दिस न्हाय.